खांदेमळणी

उद्या पोळा. म्हणून काल संध्याकाळीच नांदेडहून एसटीने निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठलं आणि तिथून औसा तालुक्यातल्या आमच्या गावी आलो. आज पहाटे सवयीने जाग आली, तसा शिवारातल्या रस्त्याने पळूनही आलो. ओसरीवर बसून बूट काढले तर उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं. ओढ्याकडे रस्ता उतरतो तिथपासूनच बोट ठणकत होतं. नखाखाली रक्त साकळलं होतं.

नियमाने पळणाऱ्याला हे नख कधी ना कधी भेटतंच. पळताना पाय थोडा सुजतो, उतारावर तो बुटात पुढे सरकतो आणि प्रत्येक पावलाला अंगठा बुटाच्या टोकावर आदळत राहतो. पाच किलोमीटरमध्ये पाच हजारांच्या आसपास पावलं पडतात. म्हणजे प्रत्येक अंगठ्याला दोन-अडीच हजार टोले. बूट घेताना अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा सोडावी आणि खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभर चालून पाय तेव्हा जरा मोठा झालेला असतो. हे मला पहिला जोड वाया गेल्यावर कळलं. तो मी सकाळी घेतला होता आणि दुकानदार म्हणाला होता, फिट्ट बसायला पाहिजे. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. पूर्ण नवं यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. हे काळं नख सरकत सरकत टोकाला जाऊन कापलं जाईल, तोवर पुढचा पोळाही होऊन गेला असेल.

पंचेचाळिशी ओलांडल्यावर मी पळायला लागलो, त्याला आता पाच वर्षं झाली. नांदेडला लातूर फाट्याकडून विष्णुपुरीच्या दिशेने जातो, कधी विद्यापीठाच्या परिसरात फेऱ्या मारतो. शंकरसागराच्या पाण्यावरून वारा येतो तेव्हा शेवटचा किलोमीटर सोपा होतो. मी कोणतीही शर्यत जिंकलेलो नाही, तशी इच्छाही नाही. पण या पाच वर्षांत एक ओळख झाली, जी आधीच्या पंचेचाळीस वर्षांत झाली नव्हती. माझी माझ्या पायांशी ओळख झाली. एका पावलात सव्वीस हाडं असतात. दोन्ही मिळून बावन्न, म्हणजे शरीरातल्या एकूण 206 हाडांपैकी पाव हिस्सा. इतकं बारीक काम निसर्गाने जिथे केलं, तो भाग आपण मोज्यात घालतो आणि रात्रीपर्यंत विसरतो. तो दुखला तरच आठवतो.

ओळख पटली ती दुखण्यांच्या नावांनी. आपल्या भाषेत पायाच्या दुखण्यांना किती नेमकी नावं आहेत, हे मला पळायला लागल्यावर लक्षात आलं. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, खाजते, चिरते, त्या चिखल्या. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मध्ये त्या आधी येतात, कारण तिथली फट सगळ्यात अरुंद आणि ओल जास्त. ही बुरशी. इंग्रजीत याच दुखण्याला ‘अ‍ॅथलीट्स फूट’ म्हणतात, म्हणजे खेळाडूचा पाय. आपण त्याला चिखलाचं नाव दिलं. दुखणं तेच, पण कोणत्या पायांकडे पाहून कोणी नाव ठेवलं तेही त्यात कळतं. तिकडे ते बंद बूट घालून घामेजणाऱ्या खेळाडूचं झालं, इकडे दिवसभर पाणथळ वावरात खुरपणी करणाऱ्या बाईचं. माझ्या पायाला दोन्ही नावं लागू पडतात. पळून आल्यावर बेचकी कोरड्या फडक्याने टिपणं आणि ओले मोजे लगेच काढणं, एवढ्यावर माझ्या चिखल्या आटोक्यात राहतात. राहिल्या नाहीत तर मलम. माय मात्र मेंदी वाटून लावायला सांगते.

कुरूप हे दुसरं. एकाच जागी सतत दाब पडला की कातडी स्वतःला वाचवायला जाड होते. ती पसरून जाड झाली तर भोवरी, आणि मधोमध कठीण कणी धरून आत रुतायला लागली तर कुरूप. भोवरी हा शब्द मला फार आवडतो. केसांच्या भोवऱ्यासारखाच तळव्यावर रेषांचा एक भोवरा दिसतो. कुरूप या शब्दाशी मात्र माझं जमलं नाही. जी कातडी सगळा भार सोसून घट्ट झाली, तिला आपण रूप नसलेली का म्हणावं? माझ्या डाव्या चवड्याखाली एक भोवरी आहे. सुरुवातीला ती खरवडून काढायचो आणि दोन दिवसांनी त्याच जागी पाण्याचा फोड यायचा. आता अंघोळीनंतर मऊ झाली की दगडाने थोडी घासतो आणि बाकीची राहू देतो. ब्लेडने कापणारे लोक पाहिले आहेत, ते करू नये.

फोडांबद्दल पळणारे आपसात खूप बोलतात. घाम, उष्णता आणि घर्षण एकत्र आलं की कातडीचे थर एकमेकांवरून सरकतात आणि फटीत पाणी भरतं. वरची कातडी म्हणजे शरीराने घातलेली पट्टी. ती शक्यतो फोडू नये. फारच टरारला तर स्वच्छ केलेल्या सुईने कडेला टोचून पाणी जाऊ द्यावं, पण कातडी ओरबाडू नये. सुती मोजे घाम धरून ठेवतात, म्हणून मी ते सोडले. एवढं पुरे.

टाचेचं दुखणं जास्त दिवस पुरलं. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ यायची, दहा पावलांत कमी व्हायची आणि दुपारी बसून उठलो की परत. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पडदा ताणलेला असतो. तो दुखावला की रात्रभरात आखडतो आणि सकाळी एकदम ताणला जातो, म्हणून ते पहिलं पाऊल इतकं जड. पोटऱ्या ताणायच्या, तळव्याखाली काहीतरी गोल घेऊन फिरवायचं आणि अंतर कमी करायचं, एवढंच करायचं होतं. त्या दिवसांत गावी आलो असताना मी स्वयंपाकघरातलं लाटणं घेऊन पाय फिरवायला बसलो. माय एकदम पुढे आली. “लाटण्याला पाय लावायलास? अन्नाचं हाय ते!” तिने ते हातातून काढून घेतलं, धुऊन जागेवर ठेवलं आणि एक काचेची बाटली पाणी भरून आणून दिली. महिनाभर त्या बाटलीवर पाय फिरवला. टाच बरी झाली. तिचं रागावणं मला तेव्हाही योग्य वाटलं आणि आजही वाटतं. लाटण्यावर पाय ठेवायचा नाही, ही समज तिच्याजवळ जितकी पक्की आहे, तितकंच माझ्या टाचेला काहीतरी हवं आहे हेही तिने एका नजरेत ओळखलं.

राहिल्या भेगा. तळव्याच्या कातडीत तेल स्रवणाऱ्या ग्रंथीच नसतात, फक्त घामाच्या असतात. कोरड्या हवेत तिचं पाणी उडतं, ती आकसते, वरून शरीराचा भार पडला की टाचेच्या कडा बाहेर पसरतात आणि चिरतात. आमच्या काळ्या जमिनीचं हेच आहे. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि चैत्र-वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जमिनीला त्या भेगा लाभाच्याच असतात. वरची भुसभुशीत माती आत पडते, जमीन आपली आपण नांगरली जाते. टाचेच्या भेगेतून मात्र रक्त येतं. आपण दोन्हीला एकच शब्द ठेवला, कारण दोन्ही एकाच माणसाच्या डोळ्यासमोर होत्या.

मराठवाड्याने देशाला दिलेला सगळ्यात मोठा धावपटू अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा मुलगा, आईवडील वीटभट्टीवर कामाला, शाळा सहा किलोमीटरवर. त्याची शर्यत तीन हजार मीटर स्टीपलचेस. त्यात अठ्ठावीस अडथळे असतात आणि सात वेळा पाण्यावरून उडी. पहिल्या पाण्यानंतरच बूट भिजतात आणि उरलेली शर्यत भिजलेल्या बुटांनी पळायची असते. 2022 साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सुवर्ण सेकंदाच्या विसाव्या भागाने हुकलं आणि रौप्य मिळालं. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण आणलं. टीव्हीवर ती शर्यत बघताना सगळे त्याचा चेहरा बघत होते. मी त्याचे पाय बघत होतो. ओल्या मोज्यात बोटांची काय अवस्था होत असेल, हे पळायला लागण्याआधी माझ्या मनातही आलं नसतं.

याच्या शंभर वर्षं आधीची एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या वार्षिक खेळांत लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेतकरी घरातली माणसं उतरायची. दगडगोट्यांच्या रस्त्यावरून अनवाणी. दोराबजी टाटा तेव्हा जिमखान्याचे अध्यक्ष होते. कसलंही प्रशिक्षण नसलेल्या या धावणाऱ्यांच्या वेळा त्यांनी युरोपातल्या वेळांशी ताडून पाहिल्या, आणि ही माणसं ऑलिंपिकला जायला हवीत हे त्यांच्या मनाने घेतलं. 1920 साली अँटवर्पला भारताचं पथक गेलं त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनचं अंतर त्या वर्षी 42.75 किलोमीटर ठेवलं होतं. ऑलिंपिकमध्ये इतकी लांब मॅरेथॉन आधीही झाली नाही आणि नंतरही नाही. चौगुले 2 तास 50 मिनिटांत एकोणिसावे आले. शर्यतीची नोंद राहिली, वेळ राहिली, क्रमांक राहिला. दगडांवरून पळणाऱ्या त्या पायांवर रात्री कोणी काय लावलं, हे कुठे लिहिलेलं नाही. मला ते जाणून घ्यायला फार आवडलं असतं.

पायाच्या या लहान दुखण्यांना मी आता शत्रू मानत नाही. त्याचं कारण आमच्या घरात आहे. माझ्या काकांना शुगर होती. वीस वर्षांची शुगर, तळव्यांची संवेदना हळूहळू गेलेली. एकदा चपलेत बाभळीचा काटा राहिला आणि ते दिवसभर तसेच हिंडले. दुखलंच नाही. रात्री फरशीवर रक्त दिसलं तेव्हा कळलं. जखम चिघळत गेली आणि अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. काटा मला टोचला असता तर मी दुसऱ्याच पावलाला ओरडलो असतो आणि वाचलो असतो. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात हीच गोष्ट मोठ्या पातळीवर दाखवून दिली. कुष्ठरोगात बोटं सडून गळत नाहीत. वेदना कळेनाशी होते, म्हणून भाजणं, टोचणं, घासणं थांबवलं जात नाही आणि बोटं झिजून जातात. दुखणं म्हणजे पायाने मारलेली हाक. ज्यांना शुगर आहे त्यांनी रोज रात्री तळवे उजेडात बघावेत, स्वतःला वाकता येत नसेल तर घरातल्या कोणीतरी बघावेत, असं डॉक्टर सांगतात. ‘घरातल्या कोणीतरी बघावेत’ हे शब्द काका गेल्यानंतरही माझ्या मनात रुतून राहिले. आम्ही सगळे काकांच्या पाया पडत होतो. सणाला, परीक्षेला, प्रवासाला निघताना. त्यांचे पाय कोणी बघितले नव्हते.

पाया पडण्याची आपली रीत मला अजूनही प्रिय आहे. पण वाकतो तेव्हा आपले डोळे मिटलेले असतात किंवा लक्ष आशीर्वादाकडे असतं. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात एकदा पळून परत येताना गेलो होतो. जोडाघरात चिखलाने माखलेले बूट देताना मला संकोच वाटला. पलीकडच्या माणसाने ते दोन्ही हातांनी घेतले, बिल्ला दिला. परत आलो तेव्हा बूट पुसलेले होते. कोणाचे पाय त्यात असतात हे त्याने पाहिलेलं नव्हतं, तरी त्याने ते पुसले. आणि मी नेहमी ज्या पायांना हात लावतो, ते कसे दिसतात हे मला सांगता आलं नसतं.

आज संध्याकाळी खांदेमळणी झाली. आमच्याकडे ट्रॅक्टर आला त्याला दहा वर्षं झाली, पण दादाने एक बैलजोडी ठेवली आहे. ओढ्यावर बैल धुऊन आणले. वहिनीने ऊन पाणी दिलं, दादाने दोन्ही खांदे शेकले आणि मग तूप-हळद घेऊन चोळायला बसला. जू जिथे टेकतं तिथली कातडी हाताला लागली की दादाचा हात आपोआप हळू होतो. नांगरटीच्या दिवसांत तिथे सूज येते, खांदेसूज म्हणतात तिला. वेळीच लक्ष दिलं नाही तर गाठ धरते आणि मग जनावराला जू सहन होत नाही. वर्षभर ज्या जागेवर भार पडला, त्याच जागेला आजच्या दिवशी हात लावायचा, तूप जिरवायचं आणि उद्या जेवायला यायचं आवतण द्यायचं. ज्याने कोणी ही रीत घातली, त्याने जनावराकडे किती नीट पाहिलं असेल! भार नेमका कुठे पडतो हे त्याला ठाऊक होतं.

वाटीत थोडं तूप-हळद उरलं होतं. माय ओसरीवर भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. मी वाटी घेऊन तिच्या पायाशी बसलो.

“हे काय करायलास?”

“काही नाही. बस तू.”

तिने पाय आखडून घेतले. मी परत ओढले. घमेल्यात ऊन पाणी आणलं आणि त्यात मीठ टाकून पाय ठेवले. मग एकेक करून मांडीवर घेतले. अंगठे आतल्या बाजूला वळलेले. करंगळीवर कुरूप, फार जुनं, कणी धरलेलं. टाचांना भेगा आणि त्या भेगांत माती, धुऊनही न निघणारी. पन्नास वर्षं मी या पायांवर डोकं ठेवतो आहे. दिव्याच्या उजेडात डाव्या पायाच्या तळव्याला, खोलगट भागात, एक पांढरी रेघ दिसली. बोटभर लांब, कडा उंचावलेल्या.

“हे काय गं?”

“ते व्हय. भूकंपातलं.”

30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. भूकंपाने उद्ध्वस्त झालेलं किल्लारी आमच्यापासून लांब नाही. मी तेव्हा नांदेडला कॉलेजात होतो, वसतिगृहात राहत होतो. दुसऱ्या दिवशी गावी पोचलो तेव्हा आमच्या माळवदाची एक बाजू खाली आली होती आणि घरातली सगळी माणसं वाचली होती. त्या दिवशी मी घर पाहिलं, भिंत पाहिली, शेजारच्या गावांतल्या चिता पाहिल्या. माय चूल मांडून बसली होती, माणसांना चहा देत होती.

“लहाना कडेवर होता,” ती म्हणाली. “अंधार. पायात काहीच नव्हतं. पळालो तसंच. कंदिलाची काच आसंल, घुसली.”

“मग?”

“मग काय. दोन दिवसांनी निघाली.”

“तू सांगितलं नाहीस.”

“आता तवा पायाकडं कोण बघतंय.”

जन्मात ती एकदाच पळाली होती, हे मला आज कळलं. अनवाणी, अंधारात, माझ्या धाकट्या भावाला कडेवर घेऊन, पडलेल्या दगडांवरून. मी त्या रेघेवर तूप लावलं. बत्तीस वर्षांच्या जुन्या व्रणाला तुपाचा काही उपयोग नाही. हात मात्र तिथेच राहिला, बराच वेळ.

दादा गोठ्यातून आला, एकदा आमच्याकडे बघितलं आणि काही न बोलता आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात काशाची वाटी होती. ती माझ्याजवळ ठेवून तो पायरीवर बसला. मी वाटीने मायचे तळवे घासत राहिलो. हळूहळू तळवे काळपट झाले. “उष्णता निघाली,” ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने उघडले तेव्हा तिची नजर माझ्या पायाकडे गेली.

“तुझं नख कशानं काळं झालंय?”

“पळताना लागलं. दुखत नाही आता.”

“हिकडं कर.”

मी नको म्हणत होतो. तिने पाय ओढून मांडीवर घेतला, पदराच्या टोकाने पुसला आणि वाटीच्या तळाशी उरलेलं तूप बोटावर घेतलं.